गणवेशाआड गणवेश

साशंक : हाँगकाँगचा विनोदी नट-दिग्दर्शक स्टीफन चाऊ याचे नाव निघाले की 2001 चा 'शाओलिन सॉकर' आणि 2004 चा 'कुंग फू हसल' हे दोन चित्रपट प्रथम डोळ्यांपुढे उभे राहतात, आणि त्या दोहोंचा प्रकाश मागे वळून त्याच्या ज्या ज्या जुन्या कामावर पडतो ते ते काम आपल्याला उजळलेले दिसू लागते. माझा पहिला आक्षेप या उसन्या उजेडाला आहे. जुलै 1991 मध्ये हाँगकाँगला प्रदर्शित झालेला 'फाइट बॅक टू स्कूल' हा चित्रपट गॉर्डन चॅन यांनी दिग्दर्शित केला होता. चाऊ त्यात नट होता, दिग्दर्शक नव्हे. कॅन्टोनी नावाचा अर्थ 'शाळा बुडविणारा पराक्रमी ड्रॅगन' असा काहीसा होतो, आणि कथानकही त्या नावाइतकेच सरळ आहे. पोलिसांच्या विशेष दलातील एक जवान इतरांशी जुळवून घेत नाही म्हणून बडतर्फीच्या उंबरठ्यावर उभा असतो. एक वरिष्ठ अधिकारी आपले हरवलेले रिव्हॉल्व्हर शोधून आणण्याच्या अटीवर त्याला शेवटची संधी देतो. आणि त्याकरिता त्याला विद्यार्थी बनून एडिंबरो नावाच्या माध्यमिक शाळेत दाखल व्हावे लागते. पुढे शस्त्रांचा व्यापार करणारी टोळी, हाणामाऱ्या, एका शिक्षिकेवर जडलेले प्रेम आणि शेवटी शाळेतच उडालेली चकमक. हे सारे त्या काळच्या हाँगकाँगच्या चित्रपटव्यवसायात नित्य घडत असे. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात असे आपण म्हणतो खरे, परंतु ते पाय ओळखण्याची बुद्धी आपल्याला बहुधा मूल मोठे झाल्यावरच होते.

रसिक : तुमचा आक्षेप आजच्या प्रेक्षकापुरता मला मान्य आहे, 1991 च्या प्रेक्षकाला तो लागू पडत नाही. त्या उन्हाळ्यात तिकीटघरापुढे रांगा लावणाऱ्या माणसांना दहा वर्षांनंतरच्या चित्रपटांची स्वप्नातही कल्पना नव्हती, तरीही त्यांनी या चित्रपटाला सुमारे 4 कोटी 38 लाख हाँगकाँग डॉलरची मिळकत करून दिली, आणि 1990 मध्ये याच नटाच्या 'ऑल फॉर द विनर'ने सुमारे 4 कोटी 13 लाखांचा जो उच्चांक प्रस्थापित केला होता तो वर्षभरातच मोडीत निघाला. तेव्हा उजेड मागून आला असे म्हणण्यापेक्षा तो तेथेच लागला होता असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. आता ती माणसे हसली कशाला, ते पाहू. नायक ज्या दलातला, त्याला हाँगकाँगची जनता 'उडते वाघ' म्हणते. इमारतीवरून दोराने उतरावे, बंद दार फोडून आत शिरावे, ओलिसांना सोडवावे, असे त्याचे शिक्षण. असा मनुष्य वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी पांढरा सदरा व गळपट्टी घालून बाकावर बसतो, आणि ज्या संकटापुढे त्याचे सारे कसब निकामी ठरते ते संकट म्हणजे शिक्षकाच्या हातातून सुटलेले डस्टर. गोळी चुकविता येते, कारण गोळी झाडणारा शत्रू असतो; शिक्षकाचे डस्टर चुकविता येत नाही, कारण ते चुकविण्याचा अधिकारच विद्यार्थ्याला नसतो. माझ्या मते चित्रपटाचे सारे मर्म या एका प्रसंगात आहे. अंगी बळ असूनही ते वापरण्याची मुभा नाही, अशा अवस्थेत उभा राहिलेला मनुष्य तेथे आपल्याला दिसतो, आणि आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेत ती अवस्था भोगलेली असते.

साशंक : प्रसंगाचे वर्णन तुम्ही सुरेख केलेत, तथापि तिकिटांच्या आकड्यांवरून लोकांची आवड कळते, कलेची योग्यता कळत नाही. मी हरवलेल्या शस्त्राकडे येतो, कारण त्या ठिकाणी या चित्रपटाचे उथळपण मला स्पष्ट दिसते. 1949 साली अकिरा कुरोसावाने जपानमध्ये 'स्ट्रे डॉग' काढला. त्यातही एका तरुण पोलिसाचे पिस्तूल हरवते. गर्दीने भरलेल्या बसमध्ये ते चोरीस जाते. पुढे त्याच पिस्तुलातून सुटलेल्या गोळ्यांनी माणसे घायाळ होतात, मरतात, आणि तो तरुण महायुद्धानंतरच्या उद्ध्वस्त टोकिओत, भर उन्हात, स्वतःच्या अपराधाच्या ओझ्याखाली वणवण भटकतो. म्हणजे हरवलेले शस्त्र ही तेथे जबाबदारीची गोष्ट होते: ज्याच्या हवाली सत्ता केली त्याने ती सांभाळली नाही तर तिचे काय होते, हा प्रश्न होतो. तीच वस्तू 1991 मध्ये एका साहेबाची अब्रू झाकण्याचे निमित्त होऊन बसते. एका थोर कल्पनेचे इतके हलके रूप पाहून मला हसू येत नाही, खेद वाटतो.

रसिक : खेद वाटावा हे स्वाभाविक आहे, पण हाँगकाँगच्या प्रेक्षकाला ती गोष्ट हलकी का वाटली नसेल, हेही पाहिले पाहिजे. त्या ब्रिटिश वसाहतीत पोलिसांची लाचलुचपत इतकी बोकाळली होती की, 1973 मध्ये पीटर गॉडबर हा वरिष्ठ इंग्रज अधिकारी बेहिशेबी मालमत्तेची चौकशी चालू असतानाच वसाहत सोडून पळाला, लोक रस्त्यावर उतरले, आणि 1974 साली सरकारला भ्रष्टाचाराविरुद्ध एक स्वतंत्र आयोग नेमणे भाग पडले. त्या आयोगाच्या कारवाईवर चिडून 1977 मध्ये पोलिसांनीच बंडाचा पवित्रा घेतला, आणि गव्हर्नरांना जुन्या गुन्ह्यांबाबत अंशतः माफी जाहीर करावी लागली. हा इतिहास ज्यांच्या डोळ्यांदेखत घडला होता ती माणसे 1991 च्या चित्रपटगृहात बसली होती. त्यांच्यासमोर एक बडा अधिकारी आपले सरकारी शस्त्र हरवतो, आणि ते गुपचूप परत आणण्याकरिता हाताखालच्या जवानाच्या नोकरीचा सौदा करतो. कुरोसावाचा पोलीस स्वतःची चूक स्वतः निस्तरण्यासाठी उन्हातान्हात हिंडतो. येथे साहेबाची चूक शिपाई निस्तरतो. दोन्ही चित्रपटांचे वजन निरनिराळे आहे, हे मी कबूल करतो. परंतु दुसऱ्याची चूक आपल्या माथी घेऊन हुकमाची तामिली करणाऱ्या माणसाची गोष्ट हलकी म्हणणे मला जड जाते. कारकुनापासून शिपायापर्यंत, ज्याने ज्याने साहेबाच्या हाताखाली दिवस काढले आहेत, त्याला ती जवळची वाटल्याशिवाय राहणार नाही.

साशंक : हे तुम्ही चित्रपटातून काढलेत की त्यात घातलेत, असा मला प्रश्न पडतो. पण तो वाद तूर्त बाजूस ठेवू, कारण माझी मोठी अडचण भाषेची आहे. चाऊच्या विनोदाला कॅन्टोनी भाषेत 'मो लेई टाऊ' म्हणतात. आपल्याकडे ज्याला शेंडा ना बुडखा म्हणू, तसा त्याचा अर्थ. बोलणे एका वाटेने निघते आणि अकस्मात भलत्याच ठिकाणी पोहोचते; शब्दाच्या उच्चारावरून दुसरा शब्द, त्यावरून तिसरा, आणि त्यातून एक बोलीभाषेतील कोटी. कॅन्टोनीत एकच अक्षर स्वराच्या चढउतारानुसार निरनिराळे अर्थ धारण करते. तेथे शब्दाशी खेळण्याची जागा किती मोठी असेल! तैवान आणि चीनमधील प्रेक्षकांनी हे चित्रपट मँडरीन भाषेत, शी बान्यू या आवाजी नटाच्या तोंडून ऐकले. म्हणजे कोट्यवधी लोकांनी ज्या हास्यावर प्रेम केले ते हास्यच त्याच्या स्वतःच्या गळ्यातून आलेले नव्हते. दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' मराठी न येणाऱ्या मनुष्याला अनुवादाच्या ओळी वाचून दाखवून पाहा. नायकाची फजिती त्याला कळेल, पण संवादातील दुहेरी अर्थ जेथे पिकतो ती जमीन त्याच्या पायाखाली नसेल. तीच गत माझी या चित्रपटापुढे होते. मी मोठ्याने हसतो, आणि मग मला शंका येते की, हाँगकाँगचा मनुष्य याच ठिकाणी हसला असेल काय?

रसिक : ही शंका मला तुमच्या साऱ्या आक्षेपांत सर्वांत प्रामाणिक वाटते, आणि तिचे पूर्ण निरसन माझ्याजवळ नाही. शब्दांपैकी निम्मे तरी आपल्या हातून निसटते, हे मान्य करूनच बोलले पाहिजे. परंतु जे उरते ते कशाचे बनले आहे हे पाहायचे असेल तर या नटाच्या पूर्वायुष्यातील एक लहानशी हकीकत सांगावी लागेल. 1982 साली टोनी लिउंग आणि चाऊ हे दोन मित्र टीव्हीबी या दूरचित्रवाणी संस्थेच्या अभिनयवर्गाकरिता गेले. मित्र निवडला गेला, चाऊ नाकारला गेला, आणि नंतर त्याला रात्रीच्या वर्गात जागा मिळाली. 1983 मध्ये त्या संस्थेच्या 'लेजंड ऑफ द काँडर हीरोज' या मालिकेत त्याला चीनच्या सुंग राजवटीतील एका शिपायाचे काम आले. काम एवढेच की, एका लढवय्या स्त्रीच्या हातून मरायचे. चाऊने सुचविले की, आपण एक तडाखा हाताने अडवू आणि दुसऱ्याने मरू. ती सूचना नाकारण्यात आली. वेळ घालवू नकोस असे त्याला सांगण्यात आले, आणि तो पहिल्याच तडाख्याने मेला. त्यानंतर पुढली काही वर्षे तो मुलांच्या '430 स्पेस शटल' या कार्यक्रमाचा निवेदक होता. आता 1991 चा चित्रपट पुन्हा पाहा. ज्या माणसाला एक तडाखा अडविण्याचीही परवानगी मिळाली नाही तो येथे बाकावर बसून डस्टर खातो, आणि खाताना त्याचा चेहरा हलत नाही. बाकी सारे ओरडतात, धावतात, पडतात; हा मात्र एखादा खटला आपल्याविरुद्ध चालला आहे आणि त्यात आपण काही बोलणे अनुचित होईल, अशा गांभीर्याने समोर पाहत राहतो. त्या स्तब्धतेला अनुवाद लागत नाही. शब्द कॅन्टोनी असतील; अपमान गिळतानाचा घोट मला दिसतो, आणि तो मी ओळखतो.

साशंक : ती हकीकत मला ठाऊक होती, पण ती या बाकाशी जोडून मी पाहिली नव्हती; एवढी जोड तुम्ही मला दिलीत हे मोकळेपणाने मान्य करतो. त्याच दोन मित्रांचा धागा आता मी माझ्या बाजूने ओढतो. वेषांतर करून गुन्हेगारांत राहणाऱ्या पोलिसाला कॅन्टोनीत जो शब्द आहे त्याचा शब्दशः अर्थ 'तळाशी पडून राहिलेला' असा होतो, आणि हाँगकाँगच्या चित्रपटांनी या तळाशी पडलेल्या माणसाची शोकांतिका पुनःपुन्हा सांगितली आहे. 1981 चा 'मॅन ऑन द ब्रिंक' घ्या, 1987 चा 'सिटी ऑन फायर' घ्या. आणि 'फाइट बॅक टू स्कूल' नंतर जेमतेम नऊ महिन्यांनी, एप्रिल 1992 मध्ये, जॉन वूचा 'हार्ड बॉइल्ड' आला. त्यात टोळीत शिरलेला गुप्त पोलीस टोनी लिउंगने उभा केला आहे. आपल्या हातून पडलेल्या प्रत्येक माणसामागे तो कागदाचा एक बगळा घडवतो आणि टांगून ठेवतो. त्या बगळ्यांकडे एकदा पाहावे: बोटांनी दाबून काटेकोर पाडलेल्या घड्या, आणि प्रत्येक घडीत एक मृत मनुष्य. दहा वर्षांनी, 2002 च्या 'इन्फर्नल अफेअर्स'मध्ये, तोच नट पुन्हा गुप्त पोलीस होतो, आणि आपण कोण हे सिद्ध करणारे दप्तर दुसऱ्याच्या हाती असलेल्या माणसाचे एकाकीपण आपल्याला दाखवितो. सोंगाची किंमत असते, हे टोनी लिउंगच्या चेहऱ्यावर लिहिलेले आहे. दुसऱ्या मित्राच्या चित्रपटात ती किंमत कोणी मोजली?

रसिक : ती किंमत विनोदाने लगेच मोजलेली नाही, पण हिशेब उधार ठेवला आणि पुढे चुकता केला, असे माझे मत आहे. शाळेत चाऊचा साथीदार म्हणून आलेला वयस्क, अकार्यक्षम पोलीस आठवा. एन्ग मान-टाट या थोर सहनटाने ते काम केले आहे. 1999 साली चाऊने 'किंग ऑफ कॉमेडी' काढला, आणि त्यात स्वतःचेच पूर्वायुष्य मांडल्यासारखा एक उपेक्षित किरकोळ नट उभा केला, जो स्टानिस्लाव्हस्कीचे अभिनयावरचे पुस्तक जवळ बाळगतो आणि प्रेताचे काम मिळाले तरी त्यात जीव ओतू पाहतो. त्या चित्रपटात चित्रीकरणाच्या जागी जेवणाचे डबे वाटणारा एक इसम या नटाला डबा नाकारतो. तो इसम एन्ग मान-टाट, आणि शेवटी उघड होते की, तो डबेवाला गुप्त पोलीस आहे. ज्याला कोणी नट मानले नाही त्याला हा पोलीस एका गुप्त कामगिरीवर पाठवितो, कारण त्याला सोंग वठविणारा मनुष्य हवा असतो, आणि तेथे सोंग बिघडले तर पुन्हा चित्रीकरण होत नाही, जीव जातो. बघा, 1991 मध्ये पोलीस नट होतो. आठ वर्षांनी नट पोलीस होतो. आपल्या बहुरूप्याची परंपरा मला येथे आठवते. खाकी कपडे घालून तो दारात येतो, पकडवॉरंट काढतो, दंड मागतो, घरच्या म्हाताऱ्याला दरडावतो, आणि सारा वाडा हसत असताना पदरात पडेल ते धान्य घेऊन पुढल्या दाराकडे वळतो. पोलिसाचे सोंग घेण्यात जे साहस आहे ते त्या दारिद्र्याने पिचलेल्या कलावंताने पिढ्यान्पिढ्या केले. सत्तेची वस्त्रे अंगावर चढवून सत्तेची भीती हलकी करणे, हे विनोदाचे जुने काम आहे, आणि ते क्षुद्र नाही.

साशंक : बहुरूप्याला तुम्ही आणलेत म्हणून आता माझा खरा आक्षेप मला नेमका सापडला, इतका वेळ मी त्याच्याभोवती फिरत होतो. बहुरूपी दारात येतो तेव्हा तो बहुरूपी आहे हे वाड्याला ठाऊक असते. लहान मूल क्षणभर घाबरते, पण आजी हसत असते, आणि तिच्याकडे पाहून मूलही हसू लागते. फसविणारा आणि फसणारा यांच्यात तेथे एक अलिखित करार आहे. गुप्त पोलिसाच्या बाबतीत तो करार नसतो. टोळीतल्या गुन्हेगारांना फसविले म्हणून मला दुःख नाही. परंतु शाळेत मिस हो नावाच्या समुपदेशक बाई आहेत. शार्ला चेउंगने ते काम केले आहे. आपल्यापुढे अडखळणारा, मागे पडलेला एक विद्यार्थी आहे असे समजून त्या त्याला अभ्यासात मदत करतात, त्याच्यासाठी वेळ काढतात, आणि त्याच्याविषयी त्यांच्या मनात माया उत्पन्न होते. प्रेक्षकाला सारे ठाऊक आहे. साहेबाला ठाऊक आहे. साथीदाराला ठाऊक आहे. हसणाऱ्यांच्या त्या साऱ्या समुदायात एकट्या त्या बाईंना काही ठाऊक नाही. ज्या हास्यात सर्वांत प्रामाणिक माणूसच बाहेर उभा राहतो, त्या हास्यात सामील होताना मला अवघडल्यासारखे होते.

रसिक : यावर मी ताबडतोब उत्तर देऊ शकलो असतो, की विनोदी नाटकात वेषांतर आणि प्रेम ही जुनी जोडी आहे, आणि शेवटी सत्य उघड होऊन सर्वांना क्षमा मिळते. पण तुम्ही जी जागा दाखविलीत ती त्या उत्तराने भरून निघत नाही, हे मलाही जाणवते. एक गोष्ट मात्र बाईंच्याच बाजूने सांगतो. नायकाला पदोपदी पराभूत करणारी सारी माणसे सत्तेच्या जोरावर त्याला पराभूत करतात; बाई मात्र त्याला शिकविण्याच्या जोरावर जिंकतात. ज्या दलाने त्याला सांघिकपणा शिकविण्याचा प्रयत्न केला ते दल अयशस्वी झाले; ज्या बाईला तो खरोखर कोण हे ठाऊकही नव्हते तिने त्याला शिकविले. तिची माया खोट्या माणसावर होती असे म्हणावे, तर ती माया घेणारा मनुष्य त्या घटकेला खोटा नव्हता. त्याला खरोखरच काही येत नव्हते, आणि तो खरोखरच शिकत होता. सोंग घेता घेता माणूस खरा विद्यार्थी झाला तर ती फसवणूक उरते काय, हे मी निश्चयाने सांगू शकत नाही. माझा कल 'उरत नाही' याकडे आहे. पण तो निर्णय बाईंचा आहे, माझा नव्हे.

साशंक : येथे तुमचे-माझे अंतर बरेच कमी झाले आहे, आणि जे राहिले ते राहू द्यावे. हसण्याविषयी माझी तक्रार नाही. चाऊच्या थोरपणाची खूण 1991 मध्येच उमटली होती हेही मी आता मानतो, आणि ती खूण त्या स्तब्ध चेहऱ्यात आहे, हे तुमचे म्हणणे मी सोबत घेऊन जातो. परंतु सोंग घेणाऱ्याला शहाणपण आले म्हणून फसलेल्याची बाजू मिटत नाही, हे माझे म्हणणे तुम्ही सोबत घेऊन जा, आणि चित्रपट पुन्हा पाहाल तेव्हा दोन-चार प्रसंगांत तरी नायकावरून दृष्टी काढून बाईंच्या चेहऱ्याकडे पाहा. 1992 मध्ये या चित्रपटाचा दुसरा भाग निघाला आणि 1993 मध्ये तिसरा. तिसऱ्यात नायक एका मृत श्रीमंताचे सोंग घेऊन त्याच्याच पत्नीच्या घरात नवरा म्हणून राहतो. शार्ला चेउंग तिन्ही भागांत आहे.